डावा आरसा

माझी शाळा नववीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. जड शब्दही मला येत नाहीत. घडलं तसं सांगतो. दिव्याची वात जरा वर करा आणि ऐका.

ऑक्टोबर संपत आला होता. ॲरिझोनाच्या वाळवंटात दुपारी साडेचारच्या सुमाराला कोल्टन आणि मार्नी मुक्कामाला जागा शोधत होते. दोन महिने ती दोघं त्यांच्या जुन्या घरगाडीतून फिरत होती. अठ्ठावीस फूट लांब गाडी, तिच्यातच चूल, तिच्यातच पलंग. कोरड्या ओढ्याच्या काठी त्यांना मोकळी सरकारी जमीन दिसली. काळे दगड, तेलकट झुडपांचा उग्र वास, आणि शंभर पावलांवर एकच चंदेरी ट्रेलर. ट्रेलरपुढे घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता.

"बघ, प्रेक्षक आलाय," मार्नी म्हणाली. "आज भांडायचं नाही हं. फुकटचा तमाशा नको."

"मी कुठे भांडतो?"

"तू नाही भांडत. तू गप्प बसतोस आणि गाडी मागे घेताना खांब पाडतोस."

कोल्टन हसला, पण त्याच्या तळहातांना घाम सुटला होता. कुणी बघत असलं की त्याचं असंच व्हायचं. एवढी गाडी मागे घेऊन लावायची तर मागचं काही दिसत नाही. म्हणून मार्नी मागे डाव्या बाजूला, आरशात दिसेल अशी उभी राहायची. दोन्ही हात छातीकडे ओढले की ये. मनगटं एकमेकांवर आडवी धरली की थांब. आणि ती दिसेनाशी झाली की ब्रेक दाबायचा, खाली उतरायचं, डोळ्यांनी बघायचं. हा मार्नीचा नियम होता.

म्हातारा टोपी हातात घेऊन, पहार टेकत टेकत त्यांच्याकडे चालत आला. म्हणाला, माझं नाव ऑर्विल.

"पोरा, मागे घेऊन लावू नकोस. नाक आधी घाल."

"काका, ओढ्याला पाणी आलं तर पळता आलं पाहिजे ना," मार्नी म्हणाली. "तोंड बाहेर असलेलं बरं."

"मग दुसरीकडे जा, बाई. इथे मागे घेऊ नका."

"का हो?"

म्हाताऱ्याने टोपी दोनदा हातात फिरवली. "इथे... आरसा खरं सांगत नाही."

"माझाही आरसा खोटारडाच आहे. रोज वय वाढवून दाखवतो." मार्नी हसत खाली उतरली आणि मागे गेली.

म्हातारा हलला नाही. त्याची नजर कोल्टनला मानेवर जाणवत होती. कधी एकदा गाडी लागते असं त्याला झालं. त्याने मागचा गियर टाकला.

डाव्या आरशात मार्नी दिसत होती. उन्हात तिची निळी ओढणी फडफडत होती. ये. ये. गाडी सरकू लागली. मग तिने मनगटं आडवी धरली. कोल्टनने ब्रेक दाबला. चाकांची धूळ उठली आणि आरसा पिवळा झाला. मार्नी दिसेना.

तेव्हाच त्याने खाली उतरायला हवं होतं. नियमच होता तो. पण म्हातारा बघत होता. दोन फूट जागेसाठी उतरून बघायचं म्हणजे हसं होणार, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात धुळीत हात दिसले. दोन हात. छातीकडे ओढणारे. ये... ये...

त्याने ब्रेक सोडला.

मागचं चाक कशावर तरी चढलं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग किंकाळी. मार्नीची किंकाळी, गाडीच्या खालून.

आणि आरशात ते हात अजून बोलावत होते.

कोल्टनचं डोकं बधिर झालं. त्याने पुढचा गियर टाकून पाय दाबला. चाक वाळूत गरगरलं, रुतलं, आणि खालची किंकाळी फाटली. गाडी इंचभर मागे घसरली. हात आणखी घाईने हलू लागले. मागे. अजून मागे.

"बंद कर! इंजिन बंद कर!" ऑर्विल पहार घेऊन धावत आला. पहिला घाव त्याने डाव्या आरशावर घातला. काचा कोल्टनच्या गालात शिरल्या. दुसऱ्या घावाला आरसा दांड्यासकट खाली पडला. म्हातारा पडलेल्या आरशालाही मारत राहिला, दात खाऊन, साप ठेचावा तसा.

मग दोघांनी जॅक लावला. जॅक दोनदा वाळूत बुडाला. तिसऱ्यांदा खाली फळी टाकली तेव्हा चाक उचललं गेलं. मार्नीचा उजवा पाय गुडघ्याखाली पायासारखा राहिला नव्हता. कोल्टनने कमरेचा पट्टा तिच्या मांडीला आवळला. रक्त वाळूत पडताच नाहीसं होत होतं, जणू खालून कुणी पीत होतं.

ऑर्विलने फोन करून बोलावलेलं दवाखान्याचं हेलिकॉप्टर आलं तेव्हा सूर्य टेकला होता. पायलटने कोल्टनला सोबत घेतलं नाही. ऑर्विलने आपल्या पिकअपमधून त्याला गावातल्या दवाखान्यात पोचवलं. पाय गुडघ्यातून गेला, पण मार्नी वाचली.

शुद्धीवर येताच ती म्हणाली, "मी थांब केलं होतं, कोल्टन."

"दिसलं होतं. पण नंतर तू पुन्हा बोलावलंस."

"मी वाकले होते रे. चाकामागे दगड होता, तो काढत होते... माझे दोन्ही हात दगडावर होते."

बाहेर बाकावर ऑर्विल बसून होता. कोल्टन त्याच्याशेजारी बसला. म्हातारा टोपी फिरवत बोलू लागला.

"चार वर्षांपूर्वी याच महिन्यात मीही तिथेच गाडी मागे घेत होतो. आरशात माझ्या बायकोचे, आयडाचे हात मला बोलावत होते. आयडा चाकाखाली होती. तेव्हापासून दर ऑक्टोबरला जाऊन बसतो. कुणी आलं तर सांगतो."

"म्हणजे आज ती... तुमची आयडा?"

"मलाही आधी तसंच वाटायचं. वाटायचं, माझ्यावर चिडली असेल." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "पण ते हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आयडा जिवंत होती, पोरा."

सकाळी दवाखान्याने मार्नीची कागदपत्रं मागितली. कागदपत्रं घरगाडीतच राहिली होती. ऑर्विलच्या पिकअपमधून दोघं पुन्हा तिकडे निघाले. डांबरी रस्त्यावरून मातीच्या वाटेला वळतात तोच ऑर्विलने करकचून ब्रेक मारला.

घरगाडी समोरच उभी होती. काल आसापर्यंत रुतलेली गाडी ओढ्यापासून मैलभर पुढे आली होती, आणि तिचं तोंड गावाकडे होतं. किल्ली कोल्टनच्या खिशात होती.

गाडीच्या पुढे वाळूत अनवाणी पावलं उमटली होती. बोटं गाडीकडे, टाचा गावाकडे. एखाद्या गाडीला बोलावत बोलावत कुणी उलटं चालत जावं, तशी.

"चार वर्षं ते त्या जागेवरून हललं नव्हतं," ऑर्विल पुटपुटला.

कोल्टन खाली उतरला. कागदपत्रं त्याने घेतली नाहीत. तो बुटाने एकेक पाऊल पुसत चालत राहिला, वाट डांबराला मिळेपर्यंत. तिथे तो थांबला आणि गावाच्या, मार्नीच्या दवाखान्याच्या दिशेने बघत राहिला. डांबरावर पावलं उमटत नाहीत.