डाग न पडलेलं पान

डॉ. निरंजन गुप्ते स्वतःच्या हातानं चहाचा ट्रे घेऊन संगणककक्षात आले, आणि वसुधा तोरसकरच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी ती चौकशी आयोगाचा हुकूम घेऊन न कळवता येऊन धडकली, तेव्हा कंपनीच्या या मुख्य संगणकतज्ज्ञाच्या कपाळावर एसीतही घाम होता. आता तोच माणूस हसतहसत कप वाटत होता.

"घ्या मुलाणी, साखर कमी घातलीय."

इसाक मुलाणीनं कपाला हात लावला नाही. "साहेब, इतक्या वर्षांत तुम्ही कधी पाणी विचारलं नाहीत. आज चहा? म्हणजे मी पुरता अडकलो."

इसाक कंपनीच्या मासळीच्या शीतगृहात नियंत्रण मेजावर बसायचा. शिमग्याच्या आठवड्यात तिथला अमोनियाचा पाइप फुटला आणि गजानन सुर्वे आत गुदमरून मेला. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. कंपनीनं हात झटकले: भोंग्याची कटकट नको म्हणून इसाकनंच तो बंद केला! मी हात लावला नाही, असं इसाक ओरडून सांगत होता. मेजावरच्या माणसाचं कोण ऐकतो? तुरुंग समोर दिसत होताच, पण त्याला खरं झोंबलं होतं ते वेगळंच. गजाच्या बायकोनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

भोंगा कुणी बंद केला हे सांगू शकणारा एकच साक्षीदार उरला होता, शीतगृहाचा नियंत्रक. ते एक आभासी यंत्र होतं. मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारा, फक्त मेमरीत जगणारा दुसरा संगणक. तो बंद केला की मेमरी पुसली जाणार, आणि अमोनियाचा दाब सांभाळायला कुणी उरणार नाही. म्हणून आयोगानं फर्मावलं होतं, चालू असतानाच त्याला नागपूरच्या सरकारी केंद्रात हलवा.

"चालत्या गाडीचं इंजिन कसं बदलणार, बाई?" इसाकनं विचारलं.

"मेमरीची पानं पाडलेली असतात. एकेक पान नागपूरला पाठवायचं," वसुधा म्हणाली. "पण यंत्र चालूच असतं. गेलेल्या पानावर ते पुन्हा काही लिहितं, आणि नागपूरचं पान शिळं होतं."

"मग पुन्हा पहिल्यापासून?"

"छे, छे," गुप्ते मध्ये पडले. "पानावर काही लिहिलं की प्रोसेसर त्या पानावर डाग टाकतो. एका बिटाची खूण. हे चिपमध्येच कोरलेलं काम आहे, कुणाला थांबवता येत नाही. पुढच्या फेरीत फक्त डागी पानं जातात. अशा फेऱ्या करत मूठभर पानं उरली, की पापणी लवेपर्यंत यंत्र थांबवायचं, तेवढी पाठवायची आणि नागपूरला ते पुन्हा सुरू करायचं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि तोरसकर मॅडम, हाच डाग तुमचा पहारेकरीसुद्धा आहे. तुम्ही आल्यापासून कुणी भोंग्याच्या नोंदीला हात लावला असता, तर तिथं डाग पडला असता. बघा ना. बघून घ्याच."

न मागता पुरावा पुढे करणाऱ्यांची वसुधाला चीड होती. सावकाश कप ठेवून तिनं पाहिलं. भोंग्याच्या पानावर खरंच डाग नव्हता.

पानं पाठवणं नुकतंच सुरू झालं होतं आणि गुप्ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले होते, तेव्हाची गोष्ट तिला आठवली. इसाकनं तिच्या पडद्याकडे बघून विचारलं होतं, "बाई, हे आकडे उलटे का उतरतायत?"

"सगळे पहिल्या पानापासून पाठवतात. मी शेवटच्यापासून सुरू करते."

"पेपरपण मागूनच वाचता?"

"हो. पुढं नुसत्या जाहिराती असतात."

स्थलांतर पार पडलं. यंत्र आता नागपूरहून शीतगृह चालवत होतं. गुप्त्यांनी आपल्या संगणकात गोठवून ठेवलेली मूळ प्रत उघडली आणि भोंग्याचं पान मोठ्या पडद्यावर टाकलं. भोंगा बंद. नियंत्रण मेज. इ. मुलाणी.

"खोटं आहे हे!" इसाक उठून उभा राहिला.

"डाग नाही, मुलाणी. यंत्र खोटं बोलत नाही."

"डाग नाही म्हणजे पान बदललेलं नाही," वसुधा म्हणाली. "हे आयोगाच्या कॅमेऱ्याकडे बघून सांगाल?"

गुप्त्यांनी ठणकावून सांगितलं.

"डाग कोण टाकतं?"

"प्रोसेसर. सांगितलं ना."

"आणि नेटवर्क कार्डानं प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिलं तर? वेग मिळावा म्हणून तशी चोरवाट ठेवलेलीच असते."

गुप्त्यांचा कप बशीवर वाजला. "नव्या चिपांत त्या वाटेवरही डाग पडतो."

"तुमची जुनी आहे. कंपनीनं पैसे वाचवले."

"असेल. पण मग डागच नाही, तर तुम्ही सिद्ध काय करणार?"

"तुमच्याकडच्या पानावरून काहीच नाही. मी नागपूरचं पान वाचते."

"तिथंही हेच असणार! या पानाचा नंबर तर शेवटाजवळ..." गुप्ते थांबले. त्यांची नजर वसुधाच्या पडद्यावरच्या उलट्या आकड्यांवर खिळली.

"बोला ना. त्याची पाळी यायला अवकाश आहे, तोवर चोरवाटेनं बदलून टाकू, मग ते आपसूक नागपूरला जाईल. हाच हिशेब ना? पण ते पान सुरुवातीलाच गेलं होतं, साहेब. तुम्ही बदललेलं पान पुन्हा जायला त्याच्यावर डाग हवा होता. तोच तुम्ही पडू दिला नाहीत."

पहारेकऱ्याला चुकवताना त्यांना एक गोष्ट सुचली नव्हती. पानं वाहून नेणारा हमालही तोच होता.

नागपूरचं पान उघडलं. भोंगा चाचणीसाठी बंद. दूरस्थ. मुख्य संगणकतज्ज्ञांचा कक्ष. तो पुन्हा चालू केल्याची नोंद कुठंच नव्हती.

"हे तुम्ही बदललंय!" गुप्ते किंचाळले.

"तिथं पान पोचताच सरकारी मोहोर लागते, मला हातही लावता येत नाही. आणि डाग नाही म्हणजे बदल नाही, असं आत्ताच कॅमेऱ्यासमोर कोण बोललं? मग एकाच पानाचे दोन मजकूर झाले कसे?"

गुप्ते खुर्चीत बसले. इसाकनं आपला गार झालेला कप त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या साहेब. साखर कमी आहे."

मग तो वसुधाकडे वळला.

"बाई, त्या पानाची छापील प्रत मिळेल का? कोर्टात काय द्यायचं ते तुम्ही द्या. मला आधी एका दारावर जायचंय."