भाकरीवरची बोटं

येऊन पाऊण तास झाला, तरी भाचा मावशीला बस म्हणाला नव्हता. खोलीत सहा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सातवीवर त्याची पिशवी बसली होती. दीड वर्षाचा असताना ज्याची आई गेली, ज्याला कडेवर उचलून घरी आणलं, खानावळीच्या चुलीपुढे मांडीवर घेऊन वाफाळता भात फुंकून भरवला, त्या डॉक्टर शिवराज कदमांना पिशवी थकलेली दिसत होती, मावशी नव्हे. गजराबाईंनी हे पोटात नोंदवून ठेवलं. त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट सहसा पचत नसे.

शब्दसुरक्षा खात्याची प्रयोगशाळा राजधानीतल्या एका इमारतीच्या अठराव्या मजल्यावर होती. काचेच्या भिंतीमागे ठसाशोधक यंत्र उभं होतं. गोदरेजच्या कपाटाएवढं, थंडगार आणि मुकं. या यंत्राने तीन आठवड्यांपूर्वी वेणूचं नाव सांगितलं होतं. वेणू म्हणजे गजराबाईंची एकुलती एक मुलगी. ती ‘चव्हाटा’ नावाची अनुदिनी लिहायची, नाव न लावता. सातकुंड धरणाच्या पाण्यात कारखान्याचं विष सोडलं जातंय, आणि कारखान्यात मंत्र्यांची भागी आहे, एवढंच तिने लिहिलं होतं. त्याला शिक्षा बारा वर्षं.

“शिवा, वेणूला सोडव.”

“मावशी, यंत्र बोललंय. माझ्या हातात काही नाही.”

“आणि यंत्र कुणाच्या हातचं?”

तेवढ्यात दार उघडून पांढऱ्या केसांच्या एक बाई आत आल्या. डॉक्टर इरावती लिमये, खात्यातल्या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी हातातला वेणूच्या खटल्याचा अहवाल टेबलावर ठेवला, गजराबाईंकडे पाहिलं, आणि काही बोलण्याआधी एक खुर्ची ओढून त्यांच्या मागे सरकवली.

“बसा हो. कदम, मी या अहवालावर सही करणार नाही. आपण बाहेर बोलू या का?”

“इथेच बोला, मॅडम. मावशी आहे माझी. तिला यातलं ओ की ठो कळत नाही.”

गजराबाई खुर्चीत टेकल्या आणि कळत नसल्यासारखा चेहरा करून बसल्या. चाळीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईला तो चेहरा जमतो.

“वाक्यठसा असतो, हे मलाही मान्य आहे,” लिमयेबाई म्हणाल्या. “माणूस टोपणनाव घेतो, शब्द बदलतो, पण वाक्याची चाल बदलत नाही. आधी काय सांगायचं, श्वास कुठे घ्यायचा, टोमणा कुठे ठेवायचा, ते ठरलेलं असतं. ज्याच्या तोंडचं ऐकत मूल पाच वर्षांचं होतं, त्याची चाल त्याच्यात उतरते. पुढे दहा पदव्या घेतल्या तरी पुसत नाही.”

“मंत्र्यांना मी तेच समजावलं,” शिवराज हसला. “म्हटलं, भाकरीवरची बोटं बघून थापणारीण ओळखता येते, तसं आहे हे.”

गजराबाईंची मान वर झाली. हे वाक्य त्यांचं होतं. पोरगा सहा वर्षांचा असताना चुलीपुढे त्याला हसवायला त्या म्हणायच्या. त्यावर त्याने खातं उभं केलं होतं.

“पण पूर्वी यंत्राला ‘माहीत नाही’ असं उत्तर देता यायचं. ते तुम्ही काढून टाकलंत.”

“काढायला लावलं. शंभरात तीस वेळा ते ‘माहीत नाही’ म्हणायचं. मंत्री म्हणाले, माहीत नाही म्हणायला आमच्याकडे अधिकारी आहेत.”

“म्हणजे आता यादीतला जवळात जवळचा माणूस ते पुढे करतं. खरा लिहिणारा यादीतच नसला तर?”

“यादीत नाही असा आहे कोण? दहावीचा पेपर लिहिलेला प्रत्येक माणूस आहे. मंत्री आहेत, तुम्ही आहात, मी आहे. वगळलेत ते दोनच. कोठडीतले, कारण त्यांचे हात बांधलेले असतात. आणि निरक्षर, कारण ते काय लिहिणार?”

“आणि यंत्र चुकलं तर?”

“चुकत नाही. न्यायालयात तसं मी शपथेवर सांगितलंय. चारशे अकरा खटल्यांत.”

मग गजराबाईंनी अगदी गरिबीने विचारलं, “शिवा, मी आहे का रे त्या यादीत?”

“तू?” तो मनापासून हसला. “तुझा यादीचा फॉर्म मीच भरला की दोन वर्षांपूर्वी. निरक्षर म्हणून. अंगठा नाही का लावलास?”

“मी दोन यत्ता शिकलेय. सही येते मला.”

“येते गं. पण तुझी सही होईपर्यंत माझी गाडी चुकली असती.”

गजराबाई उठल्या. खुर्ची जागेवर सरकवली, लिमयेबाईंना नमस्कार केला आणि चालत्या झाल्या. भाचा जागचा हलला नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून त्या एक एक धागा सोडवत होत्या. भाऊबीजेला शिवा आला होता. दोन वर्षांनी आला म्हणून वेणूने पाट मांडला, ओवाळलं. तो तीन पुरणपोळ्या जेवला. जाताना ट्रंकेतल्या वेणूच्या शाळेच्या वह्या मागून घेतल्या. म्हणाला, लहानपणाची आठवण. वेणूने स्वतः पिशवीत भरून दिल्या. त्या वह्यांवरून यंत्राने ठसा पक्का केला आणि चौथ्या दिवशी पहाटे पोलीस आले. ज्या कपाळाला कुंकू लावून घेतलं, त्याच कपाळात हे शिजत होतं. मंत्र्याने पाप केलं ते मंत्र्याचं. हे पाप घरचं होतं, आणि घरचं भांडं घरच्यानेच घासावं लागतं.

खानावळीच्या भिंतीवर बोललेखणी टांगलेली होती. बोललेलं लिहून काढणारं ते यंत्र वेणूने आईसाठीच आणलं होतं. रोज सकाळी गजराबाई त्यात ‘आज वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, उशिरा येणाऱ्याला ताक नाही’ असं बोलायच्या आणि ते गिऱ्हाइकांच्या फोनवर जायचं. ‘चव्हाटा’ही तसाच पसरायचा, एका खिशातून दुसऱ्या खिशात, मध्ये कुठलीही सरकारी तार न लागता. म्हणून तर सरकारला वाट शोधता आली नव्हती, आणि ठसाशोधक बांधावा लागला होता. कुठलं बटण दाबायचं ते वेणूने आईला दाखवून ठेवलं होतं. “मी नसले तर,” एवढंच म्हणाली होती.

बातम्यांना तोटा नव्हता. टँकरवाले, कोर्टातले शिपाई, कारखान्यातले मजूर सगळे गजराबाईंच्याच पंगतीला जेवायचे. भरल्या पोटी माणूस खरं बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर गजराबाईंनी दार लोटलं, पदराने हात पुसले आणि बोलायला सुरुवात केली.

“मंत्रीसाहेब म्हणतात, सातकुंडच्या पाण्याला वास येत नाही. बरं. मग त्यांच्या बंगल्यावर रोज दोन टँकर शेजारच्या जिल्ह्यातून का येतात? देवपूजेला लागतात म्हणावं, तर एवढा मोठा देव आम्ही पाहिला नाही. साहेब, आमच्या धरणाचा एक पेला सगळ्यांसमोर प्या. वास येत नसेल तर नाक गेलंय तुमचं. आणि येत असून पाजत असाल, तर नाकाच्या वरचंही काही गेलंय.”

मग हिरवं बटण दाबलं.

बारा दिवसांत ‘चव्हाट्या’वर पाच मजकूर आले. टँकरच्या फेऱ्या आल्या, आजारी मुलांची नावं आली, बंगल्यावरच्या पाणीवाल्याचं नावही आलं असतं, पण ते गजराबाईंनी गाळलं. जेवायला यायचा बिचारा. शहर हसायला लागलं. सरकारला शिव्या चालतात, हसणं चालत नाही.

तेराव्या दिवशी दुपारी लिमयेबाई खानावळीत आल्या आणि पंगतीच्या टोकाला बसल्या. गजराबाईंनी स्वतः वाढलं.

“काल मंत्र्यांसमोर यंत्र चालवलं,” लिमयेबाई हळू आवाजात म्हणाल्या. “पाचही मजकूर घातले. ठसा जुन्याच ‘चव्हाट्या’चा निघाला, त्यात शंका नाही. पण तुमची मुलगी कोठडीत, म्हणून यादीतून वगळलेली. तेव्हा यंत्राने पुढचं नाव दिलं.”

“कुणाचं?”

“डॉक्टर शिवराज कदम. शंभरात अठ्ठ्याण्णव. त्याने तीनदा चालवून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मंत्र्यांनी विचारलं, यंत्र चुकतं का? तो चौथ्यांदा चालवायला गेला. तिथूनच नेलं त्याला.” त्या थांबल्या. “कायदा त्यानेच लिहून घेतला होता. एका ठशाला एकच धनी. म्हणजे वेणूवरचा खटला आपोआप पडला.”

गजराबाईंनी ताटात दुसरी भाकरी टाकली. लिमयेबाईंनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“बोटं दिसतात का?” गजराबाईंनी विचारलं.

“स्पष्ट दिसतात.”

“मग?”

“मग काय, थोडं लोणचं वाढा.”

वेणू तिसऱ्या दिवशी घरी आली. बांधून ठेवलेल्या उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. घास धरताना गळून पडायचा. गजराबाईंनी तिला लहानपणीसारखं भरवलं. रडल्या नाहीत. आठवड्याने डोक्यावरून पदर घेतला आणि मध्यवर्ती कारागृहात भेटीला गेल्या.

जाळीपलीकडे शिवराज उभा होता. अलीकडे एक खुर्ची होती. कुणी बस म्हणायच्या आत गजराबाई तिच्यावर ऐसपैस बसल्या.

“मावशी, हे तू केलंस,” तो पुटपुटला. “तीन दिवस डोकं फोडलं तेव्हा कळलं. वेणूत जी चाल आहे ती माझ्यातही आहे, कारण ती तुझी आहे. सांग त्यांना. तुझ्या वयाकडे बघून सोडतील.”

“काय सांगू? मी लिहिलं म्हणून? शिवा, मी निरक्षर. तुझ्या सहीचा कागद आहे सरकारात.”

“मीच सांगतो मग.”

“सांग की. सांग, की खरी लिहिणारी यादीत नव्हती आणि यंत्राने भलत्यालाच धरलं. म्हणजे यंत्र चुकतं. मग बाकीच्या चारशे दहांचं काय, असं वकील विचारतील, आणि त्यांची दारं उघडावी लागतील. तुझ्यावर खोट्या शपथेचा खटला. कोर्टातल्या शिपायाला विचारून आले, त्याला सात वर्षं आहेत. गप्प राहिलास तर बारा. तिसरी वाट नाही. तिसरी वाट ‘माहीत नाही’ची होती, ती तूच बुजवलीस.”

शिवराजने जाळीला कपाळ टेकवलं. “मावशी, मी तुझ्या मांडीवर वाढलो गं.”

“म्हणूनच सापडलास.”

त्या उठल्या, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “शिवा, बोलायचं तर त्या चारशे दहांच्या आयांसाठी बोल, माझ्यासाठी नको. सात वर्षं भोग नाहीतर बारा भोग, तुझा हिशेब तू कर. पण ज्या हाताने तुला ओवाळलं त्या हाताला घास धरता येत नाही, आणि तो हात बरा झाला तरी माझ्या पंगतीत तुझं पान पडणार नाही. सुटून आलास, तर बाहेरच्या बाकावर पैसे देऊन जेव. उशिरा आलास तर ताक मिळणार नाही.”