खांडीतला कप्तान

चेंडू आला तो थेट दमयंतीच्या चपलेशी येऊन थांबला. मुलींच्या शाळेतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन ती पनवेल बंदराच्या वाटेनं घरी निघाली होती, आणि मैदानाच्या कडेला हा पांढरा, जडसा हॉकीचा चेंडू! काय मनात आलं कुणास ठाऊक... तेवीस वर्षांची, चौथीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई ती. पण तिनं पटकन पाय उचलला आणि चेंडू पातळाच्या काठाखाली दडवला.

मागोमाग एक उंच, सावळा तरुण धावत आला. हातात स्टिक, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल.

"बाई, हिकडं बॉल आलेला बगला का?"

"बॉल? कसला बॉल?"

त्यानं गवतात दोनदा स्टिक फिरवली. मग तिच्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि समोर चक्क फतकल मारून बसला.

"का हो, बसलात का?"

"बसतो. तुमी कदी ना कदी घरी जाल ना... मंग गावंल."

हसू दाबता दाबता दमयंतीची पुरेवाट झाली. शेवटी पाय उचलावाच लागला. त्यानं चेंडू घेतला, मान लववली आणि गेला. ना टोमणा, ना दटावणी. घरी पोचेपर्यंत ती उगीचच मागे वळून पाहत होती.

तो बळीराम, गव्हाणचा, मिठागरात राबणारा. हे तिला रात्री जेवताना कळलं, कारण मैदानावर खेळणारा तो संघ तिच्या वडिलांचाच होता. सुभेदार काशिराम पाटील पलटणीत हॉकी खेळून म्हातारे झाले, पेन्शन घेऊन पनवेलला आले आणि सत्तावन्न साली गावातली पोरं जमवून त्यांनी संघ उभा केला. दिवाळीनंतर अलिबागशी सामना ठरला होता. आणि कप्तानाचा मात्र पत्ता नव्हता.

"पलटणीत बरं होतं," सुभेदार भाकरी मोडत म्हणाले. "वरून हुकूम यायचा, हा कप्तान. इथे वरचा मीच! दमू, तू असं कर. चार दिवस जगन कप्तानी करील, चार दिवस बळीराम. तू मैदानावर बस आणि वहीत लिही. तुझी नजर सरळ आहे. तू म्हणशील तो कप्तान."

दमयंतीनं वही घेतली.

पहिले चार दिवस जगनचे. जगन बाजारपेठेतला, पुढच्या फळीत खेळणारा, आणि आवाज असा की बंदरावरच्या होड्यांनी वळून पाहावं. "डावीकडे! अरे पळ! पास दे!" त्यानं हात केला की दहाही जण हलत. संघ नुसता सुटायचा. चार दिवसांत अकरा गोल! तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'जगनच्या हाताखाली संघ धावतो.'

मग बळीरामचे चार दिवस. हा सगळ्यांच्या मागे, गोलाच्या जवळ खेळणारा. ओरडणं माहीतच नाही. गोलकीपर दादू चेंडू आला की डोळे मिटायचा. जगन त्याच्यावर ओरडून ओरडून थकला होता. बळीराम नुसता दादूच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मारा रं." चार चेंडू त्यानं स्वतःच्या नडगीवर घेतले. पाचव्याला कळवळून असा नाचला की दादू खो खो हसला, आणि सहावा चेंडू दादूनं उघड्या डोळ्यांनी अडवला. गोल मात्र सातच झाले.

"काय लिवता येवढं?" पाणी प्यायला आलेल्या बळीरामनं विचारलं.

"तुमचे दोष."

"मंग वही पुरायची नाय. दुसरी आना."

"आणीन की... शाळेत पुष्कळ आहेत."

तो हसला आणि गेला. दमयंतीनं पाहिलं तर समोरचं पान कोरंच होतं. बाबांनी सरळ नजरेवर विश्वास टाकला होता, आणि नजर तर भलतीकडेच धावत होती.

आठवा दिवस कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आला. रविवारची भर दुपार, खाडीला उधाण. खेळ रंगात आला असतानाच बांधावरून किंकाळी आली.

"खांड पडली! खांड!"

खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला भगदाड पडलं की इथली माणसं त्याला खांड म्हणतात. खारं पाणी एकदा आत शिरलं की उभं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही रुसते. बांधाच्या आत होतं विधवा भामाकाकूंचं भात, पिवळं होऊन कापणीला आलेलं.

सगळे स्टिका टाकून धावले. मागून पदर खोचत दमयंतीही धावली. जगन बांधावर चढून गर्जत होता. "तू दगड आण! तू माती! लवकर!" पोरं जिवाच्या आकांतानं ढेकळं आणून टाकत होती, आणि पाणी ती ढेकळं साखरेसारखी विरघळवून नेत होतं. खांड रुंदावत चालली.

बळीरामनं सदरा काढला आणि सरळ खांडीत उतरला. पाणी छातीपर्यंत. त्यानं पाण्याकडे पाठ केली आणि दोन्ही पाय रोवून उभा राहिला. खाजणातल्या, खाडीकाठच्या खारजमिनीतल्या लोकांची एक रीत आहे. जो खांडीत उतरतो, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, मग तो कुणीही असो; आणि त्यानं सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचं.

"दादू, माज्या बाजूला उतर. भिऊ नको... हितं डोले मिटलेस तरी चालंल." आवाज मैदानावर असायचा तेवढाच. "जगन, तुजा आवाज मोठा हाय. वाडीतनं मानसं बोलाव, पेंढा आनाया सांग. बाकीचे रांग करा. हातातनं हातात द्या."

जगन क्षणभर थबकला. मग वाऱ्यासारखा धावत सुटला, आणि त्याच्या हाकेनं सगळी वाडी घराबाहेर आली. बळीरामच्या डाव्या-उजव्या बाजूला पोरं खांद्याला खांदा लावून उतरली. त्या पाठींच्या भिंतीआड पेंढा बसू लागला, पेंढ्यावर माती धरू लागली. रांगेत दमयंतीही होती. मातीचे गोळे तिच्या हातातून पुढे जात होते आणि शेवटी एकाच माणसाच्या हातात पोचत होते. पाण्याच्या तडाख्यानं तो हलत होता, पण सरकत नव्हता. माणूस एवढा मोठा असू शकतो, आणि एवढ्या हळू आवाजात... तिला रडूच फुटलं, आणि ती रडत रडत चिखल देत राहिली.

दीड तासानं ओहोटी लागली. भात वाचलं. भामाकाकू बांधावरच मटकन बसल्या. बळीराम सगळ्यांच्या शेवटी वर आला. पाठ कालवांच्या शिंपल्यांनी सोलून निघाली होती, ओठ थरथरत होते.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा पातल खराब झाला..."



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघ सुभेदारांच्या ओटीवर जमला. सुभेदारांनी वही मागितली.

"जगनचे गोल अकरा, बळीरामचे सात. बोल दमू, कप्तान कोण?"

"बाबा, माझं मत धरू नका."

"का गो?"

"माझी नजर सरळ राहिली नाही."

"म्हणजे? कुणीकडे वळली?"

सगळी पोरं एकाएकी आपापल्या स्टिकांच्या मुठी न्याहाळू लागली. दमयंतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण खोटं बोलून कप्तान करावं, असा तो माणूस नव्हता.

"खांडीत उभा होता त्याच्याकडे," ती म्हणाली. "आणि खरं सांगायचं तर... त्याच्या आधीपासून."

सुभेदारांनी वहीचं शेवटचं पान उलटलं. वर कालची तारीख होती आणि खाली एकच ओळ. 'आज जे पाहिलं ते मला लिहिता येत नाही.' त्यांनी ती दोनदा वाचली.

जगन हसत उठला. "सुभेदार, बाईंचं मत बाद. माझं धरा. काल मी बांधावर उभा राहून ओरडत होतो, आणि पाणी काही माझं ऐकत नव्हतं. कप्तान बळीराम!"

दहा स्टिका जमिनीवर ठाणठाण आपटल्या.

"व्हईन," बळीराम खाली मान घालून म्हणाला. "पन पुढं आवाज जगनचाच पायजे. मी मागं ऱ्हाईन."

"कप्तान आणि मागे?"

"खांड मागंच पडते, सुभेदार."

सुभेदारांनी वही मिटली. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा कप्तानाकडे. "एक निकाल लागला. दुसऱ्या बाबतीत मी हुकूम देणार नाही, तुमचं तुम्ही बघा. चला रे, मैदानावर चला!" आणि सगळ्यांना हाकत ते निघूनही गेले.

बळीराम अंगणात तसाच उभा. काल भरल्या उधाणाला पाठ दिलेला हा गडी, आज त्याला स्टिक कुठे ठेवावी ते सुचेना.

दमयंती पायरीवर निवांत बसली.

"बसलाव का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"बसते. तुम्ही कधी ना कधी बोलाल ना... मग कळेल."

तो हसला. मग स्टिक भिंतीला टेकवून तिच्या शेजारी, एक पायरी खाली बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला 'बाई' न म्हणता हळूच म्हणाला, "दमयंती..."