चार वाजताचं दुखणं

“माझ्या दादावर विषप्रयोग होतोय,” बाइंडरकाकांची बहीण दारातूनच म्हणाली. “आणि करणारी घरातलीच. सून!”

अक्कांनी तिला बसवलं, पाणी दिलं. खासगी तपासाच्या कामात त्यांची वीस वर्षं गेली होती. आधी पाणी, मग प्रश्न.

“महिना झाला, दादाचं डोकं दुखायचं थांबत नाही. चारला ती चहा आणते आणि पाचाच्या आत दादाचं कपाळ फुटायला लागतं. मागच्या आठवड्यात ती दोन दिवस माहेरी गेली, तर हा ठणठणीत!”

“उघड आहे की,” अक्कांचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याला सगळंच उघड दिसायचं.

“चपला घाल,” अक्का म्हणाल्या.

काकांचं पुस्तकबांधणीचं दुकान तसंच होतं. तोच लाकडी दाब, तीच कापडी पाठीच्या पुस्तकांची चळत. शाळेत असताना अक्का फाटकी पुस्तकं घेऊन इथे उभ्या राहत. टाका घालून झाला की काका दोरा दातांनी तटकन तोडत. तो आवाज ऐकायला त्या मुद्दाम रेंगाळत. आज काकांनी दोरा कात्रीने कापला.

“काका, चिकटवायची खळ आंबलीय. केवढी घाण येतेय!”

“हो का? मला नाही येत.” भांडं उचलायला ते वाकले आणि डावा गाल धरून मटकन बसले. डावी पापणी सुजली होती.

अक्कांनी चारच्या चहाचं विचारताच सून पुढे आली. “चहात साखर घालते मी, दुसरं काय घालणार?” “त्या वेळी मामंजींना हुडहुडी भरते, म्हणून गरम देते. आज सकाळी तर मला सासूबाईंच्या नावाने हाक मारली. त्यांना जाऊन सात वर्षं झाली!”

“आठवणीत रमतो तो,” बहीण पुटपुटली.

काकांचा मुलगा म्हणाला, “मी रोज सकाळी डोकेदुखीची गोळी देतो. ही माहेरी होती तेव्हा दुपारीही दिली. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणतात चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“गाडी काढ,” अक्का म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

काकांना आत नेल्यावर रुग्णालयाच्या बाकावर त्या बोलल्या.

“गुन्हेगार वरच्या दाढेत बसलाय. जन्मभर दोरा दातांनी तोडणारा माणूस कात्री का घेईल? दाढ दुखते म्हणून. तिचा पू गालामागच्या पोकळीत साचला. म्हणून वाकलं की कळ, आणि नाकाला वास नाही.”

“आणि चहा?” धाकट्याने विचारलं.

“सकाळच्या गोळीचा जोर चारला ओसरतो. दुखणं नि ताप एकदम वर येतात, म्हणून हुडहुडी. सून नव्हती तेव्हा दुपारीही गोळी मिळाली, म्हणून ठणठणीत! गोळीने झाकलं, आत संसर्ग पसरत राहिला. डोळा सुजला, माणसं ओळखू येईनात, तेव्हा मला धडकी भरली. तो संसर्ग मेंदूच्या दाराशी आला होता.”

ऑपरेशन संपायला संध्याकाळ झाली. डॉक्टर बाहेर आले. “पू काढलाय. उद्यावर टाकलं असतं तर हाती लागले नसते. अजून काही दिवस जपावं लागेल, पण बोलताहेत. एकानेच आत या.”

बहीण लगबगीने उठली. दोन पावलं गेली, थांबली. मागे फिरून तिने सुनेला दंडाला धरून उभं केलं.

“तू जा गं. आणि त्याला सांग, मी बाहेर मुळीच रडत नाहीये.”