तांबडा डोह

गर्भगिरीच्या घळीतला पाणी उरलेला शेवटचा डोह एकाएकी तांबडा का झाला, हे दुपार टळायच्या आत शोधायला आम्ही तिघे निघालो. मेंढपाळ भिमाजी, अकरावीतली त्याची लेक दिपाली आणि मी, निवृत्त शिक्षक. डोहात मासे मरून तरंगत होते. साठ मेंढरं दोन दिवस तहानलेली होती.

"वरच्या रानातल्या कल्याणनं फवारणीचं औषध वतलंय," भिमाजी म्हणाला. "खरं निघालं तर आज त्याचं डोकं फोडतो, मास्तर."

एप्रिलचं ऊन. खडकाला हात टेकवत नव्हता. बोरीचे काटे कपड्यांत अडकून मागे ओढत होते. निम्म्या उतारावर दिपालीच्या पायाखालचा दगड सुटला. मी तिचा हात धरला आणि मीही घसरलो! भिमाजीनं काठी आडवी घातली. थांबलो. पाण्याची एकुलती बाटली मात्र दरीत गेली.

डोह रक्तासारखा दिसत होता.

"बघितलंत न्हवं? निघालो मी," भिमाजी वळला.

"अर्धा तास थांब. घोंगडं दे तुझं."

डोहाच्या एका कोपऱ्यावर आम्ही ते ताणून सावली केली. तोवर मी खिशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला.

"सर, हे पळतंय," दिपाली कुजबुजली.

मुलांनो, तो युग्लीना होता. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी! पुढच्या टोकाला चाबकासारखा दोरा, त्याच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका. पानासारखं तो उन्हातून अन्न करतो. ऊन फार झालं की त्याच्या पोटातले तांबडे कण अंगभर पसरतात, सावलीत पुन्हा गोळा होतात.

घोंगडं उचललं. खालचं पाणी हिरवं!

"औषध सावलीत हिरवं हुतं का, आबा?" दिपालीनं विचारलं.

मी काठावरच्या लेंड्यांच्या थराकडे बोट दाखवलं. दरसाल भिमाजीची मेंढरं कल्याणच्या रानात बसत. रानाला खत मिळे, याला धान्य. यंदा दोघांचं वाजलं, म्हणून महिनाभर कळप इथंच बसला होता.

"कल्याणच्या कांद्याला जे खत लागतं, त्याच खतावर हे जीवही माजतात," मी म्हणालो.

"म्हंजे म्याच केलं?"

"हो."

"उकळून पाजू का मग?"

"नको. यांच्यातल्या काहींच्या अंगात विष असतं, ते उकळून जाईलच असं नाही. हा डोह आता सोड."

जीभ टाळूला चिकटलेली, गुडघे फुटलेले, अशा अवस्थेत आम्ही वर चढलो. कल्याण बांधावर उभा होता. मागे तिघे, हातांत काठ्या; भिमाजीची धमकी त्याच्या कानावर गेली असावी.

भिमाजी त्याच्यासमोर थांबला. "डोह माझ्याच मेंढरांनी नासला. तुझ्यावर उगा आळ घेतला." मग म्हणाला, "रानात बसवू का त्यांना?"

कल्याणनं त्याच्या तहानेनं फुटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"माझा राग गेल्याला न्हाई, भिमा," तो म्हणाला. "आदी मेंढरं हिरीवर पाण्याला आन. भांडू मागनं."