गादीतली ऊब

माणूस उठून गेल्यावर गादीतली ऊब साधारण अर्ध्या तासात निघून जाते. आधी कडा निवतात, मग पायांकडची बाजू. सगळ्यात शेवटी निवतो तो कंबरेखालचा खळगा. मी पदार्थविज्ञान शिकले आहे, पण हे मला कुठल्या प्रयोगशाळेत कळलेलं नाही. दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या गाद्यांवर झोपून झोपून कळलं.

मी विमान चालवते. माझं घर एका शहरात आहे आणि माझी प्रत्येक ड्युटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून. त्या शहराला आमच्यात बेस म्हणतात. घरापासून बेसपर्यंतचा प्रवासही विमानानेच, उरलेल्या सीटवर. सीट उरली नाही तर पुढच्या विमानाची वाट बघायची. त्यामुळे घरून आदल्या दिवशीच निघावं लागतं, आणि ड्युटी संपली की कपडेही न बदलता पळत सुटावं लागतं.

बेसला आमच्यासारख्या येऊन-जाऊन करणाऱ्यांनी मिळून एक फ्लॅट घेतला होता. विमानतळाच्या कुंपणाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत पुरुषांचे दुमजली पलंग, आतली खोली बायकांची. पलंग कोणाचाच नाही. चादर, अभ्रा, साबण ज्याचा त्याचा, आणि तो ज्याच्या त्याच्या पेटीत. निघताना चादर काढून पेटीत ठेवायची, एवढा एकच नियम सगळे पाळत. बाकी आनंदच होता. बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता, बेसिनच्या कडेवर कोणाची तरी कापलेली नखं, फ्रिजमध्ये नासून घट्ट झालेलं दूध. मला किळस फार लवकर येते. तिथे मी श्वाससुद्धा हात राखून घेत असे.

आतल्या खोलीत पूर्वी आम्ही दोघी होतो. मी यायचे तेव्हा ती नुकतीच उठलेली असायची. मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली, आणि खोली माझी एकटीची झाली. मला बरंच वाटलं. निदान गादी गार तरी मिळणार होती.

त्याच सुमारास कंपनीने मला विचारलं. बेसलाच राहायचं असेल तर कॅप्टनची खुर्ची. घरच्या शहरात बदली हवी असेल तर आहे तशी को-पायलट, आणि पुन्हा सगळ्यांच्या मागे रांगेत. घरचे बेसला येण्यासारखे नव्हते. नवऱ्याचं दुकान घरच्या शहरातलं, लेकीची शाळा तिथली. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. मी ते ढकलत राहिले. कॅप्टन व्हायचं म्हणून मी इतकी वर्षं काढली होती. आणि लेक हल्ली वेणी घालून घ्यायला बापाकडे जायला लागली होती, मी समोर बसलेली असले तरी.

"हो म्हण नाहीतर नाही म्हण," नवरा म्हणायचा. "नुसत्या घिरट्या काय घालतेस? इंधन संपेल अशाने."

एका दुपारी फ्लॅटवर पडले होते, तर त्याचा फोन आला. लेकीला ताप होता. घरी जाणाऱ्या विमानात एक सीट होती, पण लगेच निघायला हवं होतं. मी बूट हातात घेऊन जिना उतरले. चादर काढायची राहिली.

परत आले तेव्हा लेक बरी होऊन शाळेत जायला लागली होती. सकाळची वेळ होती. खोलीचं दार बंद, पडदा ओढलेला, चादर मी टाकून गेले तशीच, चुरगळलेली. मी बॅग ठेवली आणि पलंगावर बसले.

गादी गरम होती.

मी हात फिरवून पाहिलं. कडा कोमट, मध्ये चांगलीच ऊब, आणि कंबरेखालच्या खळग्यात किंचित दमटपणा. नुकतंच कोणी उठलं असावं असा. चादरीला वासही येत होता. आपला वास आपल्याला येत नाही, नाक त्याला सरावलेलं असतं. मला तो आला, आणि माझाच आहे हे कळलं. फक्त शिळा. तापात पडलेल्या माणसाच्या पांघरुणाला येतो तसा.

बाहेर आजोबा चहा पीत बसले होते. निवृत्तीला आलेले कॅप्टन. फ्लॅटमध्ये सगळे त्यांना आजोबाच म्हणत. माझ्या पदार्थविज्ञानावरून ते मला प्रोफेसरबाई म्हणत.

"आजोबा, माझ्या पलंगावर कोण झोपलं होतं?"

"तूच की."

"मी आत्ता येतेय घरून."

"मग मघाशी बाथरूम अडवून कोण बसलं होतं? दार वाजवलं तर 'हो, झालंच' म्हणालीस. पायलटने इतका वेळ आंघोळ केली तर विमानं वेळेवर कशी सुटायची, प्रोफेसरबाई?"

मी हसले नाही. तेव्हा ते कपात बघत म्हणाले, "चादर राहिली होती का पलंगावर?"

"हो."

"काढत जा. इथे आपलं काही पसरून जाऊ नये."

"का?"

"नियम आहे," ते म्हणाले, आणि उठून कप विसळायला गेले.

बाथरूममध्ये माझा साबण बाहेर होता. मी पेटीत ठेवताना कोरडा होता, आता खालून मऊ पडून लिबलिबीत झाला होता. त्याला एक लांब केस चिकटला होता. मुळाकडे काळा, टोकाकडे रंग उतरून तपकिरी. माझे केस तसेच आहेत. मी तो साबण कागदात धरून टाकून दिला आणि हात धुतले. मग हात धुतलेला नळही धुतला.

चादर मी उकळत्या पाण्यातून काढली. वाळवली, घडी घालून पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं. कोणीतरी थट्टा करतंय, किंवा झोप कमी पडल्यामुळे माझंच चुकतंय, या दोन शक्यता मी धरून चालले होते. दोन्हींवर कुलूप हा बरा उपाय होता.

पुढच्या खेपेला कुलूप जसंच्या तसं होतं. पेटी रिकामी होती. चादर पलंगावर होती, आणि गादी गरम.

खिडकीच्या कट्ट्यावर ब्रेडचा एक तुकडा पडला होता. खाल्लेल्या बाजूला अजून ओला. मी तो वाकून पाहिला. माझा खालचा एक दात आडवा आहे. कशाचाही घास घेतला की तिथे तिरपी खाच पडते. तुकड्याला तशी खाच होती.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मी स्वयंपाकघरातून नवा ब्रेड आणला, त्याचा एक घास तोडून थुंकून टाकला, आणि दोन्ही तुकडे उजेडात शेजारी शेजारी धरले. मग दोन्ही खाली ठेवले आणि बेसिनवर जाऊन ओकले.

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखी त्याची मांडणीच मला जमेना. पण तिथेही एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती, आणि तिची सुरुवात लेकीने केली. रविवारी सकाळी ती आमच्यात येऊन झोपायची. त्या रविवारी माझ्या बाजूने आत शिरली आणि लगेच मला ओलांडून बापाच्या बाजूला गेली.

"आई, तू पाय लावू नकोस ना."

"का गं?"

"कसंतरी होतं."

नवरा हसला. "अगं, तुझी बाजू कोणी झोपल्यासारखी लागतच नाही. फरशी बरी."

ते दोघं उठून गेल्यावर मी बाजूला सरकले आणि मी झोपले होते तिथे तळहात ठेवला. रात्रभर मी तिथे होते. चादर गार होती, उशीसुद्धा. दोन्ही कोऱ्या, कपाटातून आत्ता काढल्यासारख्या. नवऱ्याच्या जागेवर अजून छान ऊब होती. मी लेकीचा थर्मामीटर काढून लावला. माझं तापमान अगदी नॉर्मल होतं.

मग मी न्हाणीघरात गेले. घरचा माझा साबण मागच्या महिन्यात काढलेला. रोज वापरत होते. त्याच्यावरची अक्षरं तशीच्या तशी होती, कडासुद्धा न झिजता.

त्यानंतर बेसला गेले की मी खुर्चीत झोपायला लागले. पलंगाकडे पाठ करून. पाठीला त्याची धग लागायची, शेजारी कोणी आजारी माणूस झोपावा तशी. कधी उठून बघितलं तर खळगा दिसायचा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. मी तशीच झोपते. त्या खळग्याची मला किळस यायची. त्याहून जास्त किळस यायची ती अशी, की पाठ आखडली की मला तिथेच जाऊन पडावंसं वाटायचं.

महिना संपत आला. त्या दिवशी बेसला जाणाऱ्या विमानात सीट नव्हती, म्हणून कॅप्टनने मला कॉकपिटमधल्या घडीच्या सीटवर बसवलं. पुढे दोन पाठी, त्यांच्यापुढे ढग. मी डाव्या खुर्चीकडे, कॅप्टनच्या खुर्चीकडे, बराच वेळ बघत होते. तिचं मला आता काहीच वाटत नाही, हे उतरायच्या आधी माझ्या लक्षात आलं. लेकीची वेणी मात्र डोळ्यांसमोर होती, बापाने घातलेली, एका बाजूला ओढली गेलेली. ठरलं. आधी पेटी उचलायची, मग नवऱ्याला फोन, आणि मिळेल त्या विमानाने मागे. इतके दिवस अडलेली गोष्ट बूट काढावा तितकी सोपी निघाली.

फ्लॅटवर पोचले तेव्हा भर दुपार होती. जिन्यात आजोबा भेटले, गणवेशात, बॅग घेऊन निघालेले. मला बघून थबकले.

"काही विसरलीस?"

"नाही. आत्ताच येतेय. निरोप घ्यायचा होता तुमचा."

त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"घेतलास की," ते म्हणाले. "मघाशी. वर."

मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. मला वाट देताना भिंतीला अंग चिकटवून उभे राहिले, ओलं कुत्रं अंगाशी येऊ नये म्हणून माणूस उभा राहतो तसे.

वर दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं.

आतल्या खोलीचा पडदा बाजूला केलेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथे ऊन आलं होतं. पलंगावर चादर नव्हती. ती पेटीत होती, घडी घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी घालते तशी. शेजारी अभ्रा. नियमाप्रमाणे.

मी गादीवर हात ठेवला.

कडा गार. पायांकडे गार. खळग्यात तळहात दाबून धरला. तिथेही गार.

म्हणजे उठून बराच वेळ झाला होता.

दाराशी माझी बॅग उभी होती. माझी बॅग माझ्या खांद्यावर होती.

मी फोन काढून नवऱ्याचा नंबर लावला. तो दुसऱ्या फोनवर होता.

बाथरूमचं दार बंद होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग कोणीतरी बोलायला लागलं. हलक्या आवाजात, बाहेर माणसं झोपलेली असताना मी तोंडावर हात धरून त्याच्याशी बोलते तसं.

"हो रे बाबा. संपल्या घिरट्या."

मग हसणं. तेही माझं. मी बऱ्याच दिवसांत तशी हसले नव्हते.

मी पुन्हा नंबर लावला. तो अजून दुसऱ्या फोनवर होता.

"तिला दे जरा. नको, मीच सांगते." थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. दाराखालून वाफ येत होती, माझ्या पायांना लागत होती, आणि पाय गरम होत नव्हते.

"ऐक, पिल्लू," आतून आवाज आला. "आईचं ठरलं. मी घरी येतेय. कायमची."