नाव न घेता मारलेली हाक

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा, मला त्याचं काही नाही. पण कुणाली माझी सख्खी आतेबहीण आहे आणि पदरचं घालून सांगायची तिला सवय नाही. उलट तिच्याकडून चार वाक्यं काढायची म्हणजे आमच्या नाकीनऊ येतात.

ती शहापूरला असते. मुलांच्या संरक्षणाचं काम करते. कुणी पोराला डांबून ठेवलंय, कुणी कोवळ्या पोरीचं लग्न लावतंय, असा फोन आला की ही निघाली. मग मुरबाड म्हणू नका, डोळखांब म्हणू नका.

गेल्या माघातली गोष्ट. डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी एक पाडा आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. लोक उगाच बघायला जातील.

फोन आला की भिमीचं लग्न लावतायत.

भिमी बारा वर्षांची. बाप नाही. आई रखमी भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेलेली. पोर चुलत्याकडे, राघोकडे ठेवलेली. आणि त्या बहाद्दराने आईला न विचारताच लग्न ठरवलं!

कुणाली पोलीस घेऊन पोचली तेव्हा पोरीला हळद लागली होती. हातात हिरवा चुडा.

मग काय, एकच कालवा! राघो अंगावर धावून आला. पोरंटोरं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. कुणालीने भिमीचं तोंड ओढणीने झाकलं आणि तिला गाडीकडे नेलं.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आडवी आली. धोंडूबाई.

"थांब गो बाय. पोरीला हाक मारू दे."

"आजी, आता नको. बाजूला व्हा."

"आगो, पोर गावाबाहेर न्यायची तर उंबऱ्यात उभं राहून नाव घ्यायला लागतं. चल गो, म्हनायचं. नायतर नुसतं आंग जातं, पोर मागंच राहते. भि..."

कुणालीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिच्या कामातला हा पहिला नियम. सोडवलेल्या मुलीचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. ते मोबाइलवर फिरलं तर पोरीला जगणं नकोसं होतं. बरोबरच होतं तिचं. मी असतो तरी तेच केलं असतं.

गाडी निघाली.

तिकडचे रस्ते तुम्हाला माहीत असतील, तर गाडी कशी उडते ते सांगायला नको. भिमी मागे बसली होती, कुणालीला खेटून.

आणि तिच्या बांगड्या...

वाजत नव्हत्या.

कुणालीने मुद्दाम तिचा हात धरून हलवला. काच काचेवर आपटताना डोळ्यांना दिसत होती. आवाज नाही.

भिमी समोर बघत होती. रडली नाही. कुठे नेताय, एवढंही विचारलं नाही.

बालगृहात तिने घास घेतला नाही. पाणी पाजलं तर ओठांतून खाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, बाकी तपासण्या चांगल्या आहेत. पण पोर हातातून चालली होती. रखमीला निरोप दिला, तर भट्टीवरचा मुकादम तिला सोडेना.

"दादा, ही माझ्या हातात मेली तर तिच्या आईला काय तोंड दाखवू रे?" कुणाली फोनवर म्हणाली. माझ्या या बहिणीला मी पहिल्यांदा रडताना ऐकलं.

त्याच दुपारी पाड्यावरून तिला फोन आला. धोंडूबाईचा.

"बाय, पोर इथंच हाय."

"कोण पोर, आजी?"

"भिमी. घरात हाय. दिसत नाय कुनाला. पन बांगड्या वाजतात..."

एरवी कुणालीने फोन ठेवला असता. पण त्या मुक्या बांगड्या तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तिने ड्रायव्हरला, मंगळूला हाक मारली आणि निघाली.

पोचेपर्यंत दिवस मावळायला आला. पोलिसांच्या धाकाने राघो पळालेला. घर बंद. दाराला बाहेरून दोरी बांधलेली.

कुणाली उंबऱ्याशी उभी राहिली. मागे पाडा गोळा झाला.

"नाव घे नि चालाय लाग!" धोंडूबाई ओरडली. "मागं बघू नको!"

आत... बांगड्या किणकिणल्या.

कुणालीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागे कुणीतरी मोबाइल काढला. त्याचा उजेड दारावर पडला.

इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडलं.

"चल गो पोरी," ती म्हणाली. "चल, घरी चल."

आतल्या बांगड्या थांबल्या.

मग पाड्यामागच्या पडक्या विहिरीकडून... कुणीतरी पळत आलं.

अनवाणी. ओल्या पायांनी.

कुठून का येईना, पोर आली, एवढंच कुणालीच्या डोक्यात होतं. तिने मागे पाहिलं नाही. गाडीत बसली. मागची सीट करकरली. मंगळूने आरशात पाहिलं आणि आरसाच वर फिरवला.

दवाखान्यात भिमी उठून बसली होती. भाकरी मागत होती! बांगड्या खणखण वाजत होत्या. कुणालीने तिला पोटाशी धरलं, आनंदाच्या भरात नर्सलाही मिठी मारली.

अखेर रखमी आली. लेकीला बघून धावली.

पोर मागे सरकली. "ही कोन?"

"आगो, आय मी तुजी!"

"नाय. माजी आय मला विहिरीवर थांब म्हनली. आत्ता येते म्हनली... आलीच नाय."

रखमीने तिचं कपाळ चाचपलं, कान चाचपले, हनुवटी धरली. मग हळूच हात काढून घेतले.

"ताई, आंग माज्या पोरीचंच हाय," ती म्हणाली. "तुमी नाव घेतलंत ना तिचं?"

आपण नाव घेतलंच नव्हतं, हे कुणालीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

रखमी पुन्हा भट्टीवर गेलीच नाही. रोज संध्याकाळी त्या उंबऱ्यात बसून लेकीला नावाने हाका मारते. धोंडूबाई शपथ घेऊन सांगते, आतून रोज ओ येते. पण पोर बाहेर येत नाही. येऊन राहणार कुठे? तिच्या जागी दुसरीच बसलीय.

रखमी कुणालीच्या पाया पडते. "ताई, तिला हाकला. तुमीच आनलीत, तुमीच हाकला. माजी पोर मला द्या." पाड्यावरच्या भूतबाधा उतरवणाऱ्या भगताने सांगितलंय, जिने हाक मारली तिनेच जा म्हणायचं. एवढं पुरेल.

गेल्या आठवड्यात कुणाली मन घट्ट करून बालगृहात गेली. पोर दारातच उभी होती. पळत आली आणि तिच्या कमरेला बिलगली.

"आय, तूच हाक मारलीस ना मला? किती दिस बसले होते मी तिथं. कुनी बोलवतच नव्हतं..."

कुणाली तशीच परत आली. मला फोन केला आणि कितीतरी वेळ नुसती हुंदके देत राहिली.

"दादा, हीपण कुणाचं तरी लेकरूच आहे रे," म्हणाली. "हिला मी कुठे हाकलू?"

आज संध्याकाळीही रखमी त्या उंबऱ्यात बसली असेल.